कुरतडून संपावे असे खेळणे

भुरी आणि चिंगी या दोन बहिणी घरी आल्या, त्या आठवड्यात मी त्यांच्या पिंजऱ्यात एक टणक लाकडी ठोकळा ठेवला होता. उंदरांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्यांना काहीतरी कठीण द्यावे लागते, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. तीन आठवडे तो ठोकळा ठेवला तिथेच राहिला आणि त्यावर दाताची एक खूणही उमटली नाही. त्याच काळात कोपऱ्यात सहज ठेवलेला पुठ्ठ्याचा एक रिकामा खोका मात्र त्या दोघींनी दोन रात्रींत संपवला. आधी त्याला एक दार पाडले, मग मागच्या बाजूने दुसरे, मग कडा कातरल्या, आणि शेवटी सगळे तुकडे झोपायच्या जागी ओढून नेऊन त्यांचे अंथरूण केले. ठोकळा फक्त दातांसाठी होता आणि खोक्यात करण्यासारखे काम होते, हा फरक माझ्या लक्षात यायला पुढे बरेच महिने गेले. आज लिहायला बसले आहे ते त्या फरकाविषयीच.

दातांविषयीची समजूत आधी नीट तपासून घ्यायला हवी, कारण कुरतडण्याची बहुतेक खेळणी तिच्याच आधारावर निवडली जातात. उंदराला एकूण १६ दात असतात. समोर वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे चार, आणि मागे १२ दाढा. दाढा वाढत नाहीत. पटाशीचे दात मात्र मरेपर्यंत वाढतात, वरचे आठवड्याला साधारण २ मिलिमीटर आणि खालचे त्याहून थोडे अधिक, म्हणजे वर्षाकाठी १० सेंटिमीटरच्याही पुढे. या दातांवरचे कठीण एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असते आणि त्यात लोह असल्यामुळे प्रौढ उंदराचे दात पिवळट-नारिंगी दिसतात. मागची बाजू तुलनेने मऊ डेंटिनची असते. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग सावकाश झिजतो, आणि त्यामुळे दाताला सुताराच्या पटाशीसारखी तिरपी धार आपोआप येत राहते.

ही झीज मुख्यतः खालचे दात वरच्या दातांवर घासल्याने होते. मांडीवर निवांत पहुडलेला उंदीर हलकेच दात करकरवतो आणि त्या लयीत त्याचे डोळे आत-बाहेर हलताना दिसतात, तेव्हा हेच काम चाललेले असते. जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या मागून जात असल्यामुळे डोळेही हलतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस त्या डोळ्यांनी घाबरून जातो, मीही घाबरले होते, पण बहुतेक वेळा ते समाधानाचे लक्षण असते. म्हणून ज्याचे वरचे-खालचे दात नीट जुळतात अशा धडधाकट उंदराचे दात केवळ ठोकळा मिळाला नाही म्हणून वाढून बसत नाहीत. उलट ज्याचा जबडा जन्मतः किंवा मार लागून वाकडा आहे, त्याचे दात कितीही लाकूड दिले तरी जुळत नाहीत. ते प्राण्यांच्या डॉक्टरांकडून वेळोवेळी कमी करून घ्यावे लागतात. मी आठवड्यातून एकदा चौघींचे (आता तिळा आणि रेवा या दोघी लहान मुलीही आहेत) दात पाहते आणि वजन करते. खाणे तोंडातून खाली पडणे, हनुवटी लाळेने ओली राहणे, वजन उतरणे ही लक्षणे दिसली तर खेळणी बदलून पाहण्यात एक दिवसही न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी गोष्ट अशी की कुरतडणे आणि खाणे ही उंदराची दोन वेगळी कामे आहेत. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि कुरतडताना तो ओठांच्या कडा त्या जागेत आत ओढून घेतो, त्यामुळे तोंडाचा मागचा भाग जणू बंद होतो आणि भुसा बाहेरच पडतो. पिंजऱ्याच्या तळाशी पुठ्ठ्याचा चुरा साचलेला दिसतो तो यामुळे. तरीही जे दाताखाली येईल त्यातले थोडे पोटात जाणारच हे धरून चालावे, कारण उंदराला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेले विष किंवा प्लास्टिकचा तुकडा त्याला परत बाहेर टाकता येत नाही, आणि घरगुती खेळण्यांचे साहित्य निवडताना मी सर्वांत आधी हेच आठवते.

मग दातांना ज्याची सक्त गरज नाही, ते द्यायचे कशासाठी? याचे उत्तर उंदरांवरच झालेल्या जुन्या अभ्यासांत आहे. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने काही उंदीर घरी नेऊन पाळीव प्राण्यांसारखे वाढवले, आणि मोठेपणी ते प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा कोडी सोडवण्यात सरस ठरले, असे त्याने १९४७ साली मांडले. पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात मार्क रोझेंझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सोबती आणि वरचेवर बदलली जाणारी खेळणी मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचा बाहेरचा थर, एकट्याने रिकाम्या पिंजऱ्यात राहिलेल्या उंदरांपेक्षा जाड होतो. आणि माझ्या रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी पडलेला अभ्यास १९६३चा आहे. ग्लेन जेन्सन याने उंदरांपुढे फुकटच्या खाण्याची वाटी ठेवली आणि शेजारी, दाबल्यावर खाणे देणारी कळ ठेवली. वाटी भरलेली असतानाही बहुतेक उंदीर कळ दाबून मिळणारे खाणे खायला वळले. भरल्या वाटीशेजारी बसून कागदाची पुडी सोडवणारी चिंगी मी तेव्हा रोज पाहत असे, त्यामुळे या निष्कर्षाचे मला नवल वाटले नाही, पण कुणीतरी ते मोजून पाहिले होते याचा आनंद मात्र झाला.

म्हणून मी आता वाटी जवळजवळ वापरतच नाही. प्रौढ उंदीर दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडे खाणे खातो. चौघींचा तो वाटा मी संध्याकाळी, त्या जाग्या होण्याच्या सुमारास, पिंजऱ्यात ठिकठिकाणी लपवते. काही अंथरलेल्या कागदाच्या चुऱ्यात विखुरते, काही अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत घालून वर कागदाचे बोळे दाबते, आणि उरलेले पुठ्ठ्याच्या नळ्यांत भरते. टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी नळी हे माझ्या मते या सगळ्या उद्योगातले सर्वोत्तम साहित्य आहे. तिचे एक टोक दुमडून आत ढकलावे, थोडे कोरडे गवत आणि चार-पाच दाणे घालावेत, आणि दुसरे टोकही तसेच दुमडावे. दोन्ही टोके दुमडणे उंदराला जमत नसले तरी उलगडणे कोणत्याही उंदराला एका मिनिटात कळते. ते जमू लागले की नळीवर आणखी एक कागद गुंडाळावा. मग ती नळी अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे कागदाच्या दोरीने बांधावा. मग तो ट्रे एका खोक्यात घालून खोक्याला फक्त अंगठ्याएवढे भोक ठेवावे. कठीणपणा असा पायरीपायरीने वाढवला तर उंदीर हार मानत नाही. पहिल्याच दिवशी तीन थरांचे कोडे दिले तर मात्र तो हुंगून निघून जातो, आणि आपण चुकीने समजतो की त्याला खेळायला आवडत नाही.

पुठ्ठा घेताना चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना, चकचकीत आवरण आणि लेबले काढून टाकावीत. चिकटवायचेच असेल तर पिठाची खळ पुरेशी आहे. पीठ पाण्यात शिजवून केलेली ती जुनी खळ पोटात गेली तरी अपाय करत नाही आणि वाळल्यावर पुठ्ठ्याला चांगली घट्ट धरते. खळ लावून कागदाचे थर एका लहान फुग्यावर चढवायचे, दोन दिवस वाळू द्यायचे, फुगा फोडून पूर्ण काढून घ्यायचा, आणि उरलेल्या पोकळ गोळ्यात गवत व दाणे भरून तो टांगायचा, हे माझ्या मुलींचे सर्वांत आवडते खेळणे आहे. करायला तीन दिवस लागतात आणि संपायला एक रात्र. पूर्वी मला याची हळहळ वाटत असे. आता सकाळी त्या गोळ्याचा फक्त दोरीला लटकणारा गळा उरलेला दिसला की काम नीट झाले असे मी मानते, आणि महिनाभर जसेच्या तसे टिकलेले खेळणे काढून घेते. लघवीने भिजलेला पुठ्ठा मात्र दोन-तीन दिवसांच्या वर राहू देऊ नये, कारण त्यातून सुटणारा अमोनिया उंदराच्या श्वासनलिकेला फार त्रासदायक असतो, आणि पाळीव उंदरांची फुप्फुसे मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या जुनाट संसर्गामुळे मुळातच नाजूक असतात.

लाकूड द्यायचे असेल तर ठोकळ्याऐवजी सालीसकट फांदी द्यावी. साल सोलणे हे उंदराला समजणारे काम आहे. गुळगुळीत ठोकळ्याला कुठून सुरुवात करावी हेच त्याला कळत नसावे. सफरचंद, नाशपती, विलो, हेझेल, बर्च यांच्या बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या चालतात. ज्या झाडावर कीटकनाशक मारलेले नाही याची खात्री आहे अशाच झाडाची फांदी घ्यावी, ती घासून धुवावी, आणि ओव्हनमध्ये साधारण १०० अंश सेल्सियसवर तासभर लक्ष ठेवून वाळवावी किंवा काही आठवडे कोरड्या जागी पडू द्यावी. चेरी, आलुबुखार, पीच, जर्दाळू अशा आठळीच्या फळांच्या झाडांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, म्हणून त्यांच्या फांद्या नकोत. कण्हेर तर घरात आणायचीच नाही, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. देवदार आणि पाइन यांच्या ताज्या लाकडाला जो सुगंध येतो तो उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. आपल्याला तो स्वच्छ वाटतो, पण उंदराच्या श्वसनाला आणि यकृताला तो सोसत नाही. रंग दिलेले, पॉलिश केलेले किंवा गोंदाने दाबून बनवलेले फळकुट, मग ते कितीही सुबक असले तरी, कुरतडण्यासाठी देऊ नये. ओळख न पटलेली फांदी मी ठेवून देत नाही, टाकून देते.

कवचासह अक्रोड हे तयार खेळणेच आहे. कवचाला खिळ्याने एक बारीक भोक पाडून वास बाहेर येऊ दिला की रेवा तो अक्रोड दोन्ही पंजांत धरून, फिरवत फिरवत, त्याच भोकाची कड रुंद करत बसते आणि तासाभराने तिला गराचा पहिला कण मिळतो. अख्खा अक्रोड एका उंदराला फार होतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच चौघींत एक किंवा दोन देते. वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही त्यांना आवडते; तिच्या छिद्रांत दाणे खुपसता येतात आणि कुरतडली की ती तंतू-तंतूंनी सुटते.

कापडाच्या बाबतीत मी एकदा चूक केली आहे, आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या टॉवेलची झोळी करून मी पिंजऱ्यात टांगली होती. टॉवेलच्या विणीतला एक धागा सुटून चिंगीच्या मागच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला आणि सकाळी मी पाहीपर्यंत बोट सुजून निळसर झाले होते. तो धागा लगेच कापता आला म्हणून बोट वाचले. तेव्हापासून झोळी, बोगदे, टांगत्या पिशव्या या सगळ्यांसाठी मी फक्त फ्लीसचे कापड वापरते, कारण ते कापले तरी त्याचे धागे सुटत नाहीत. त्यालाही कुरतडून भोके पडतात. डोके जाईल पण खांदे अडकतील एवढे भोक दिसले की ते कापून मोठे तरी करावे किंवा झोळी बदलावी. कापसाचा पिंजलेला भराव बिछान्यासाठी म्हणून मिळतो, तो तर अजिबात घालू नये. पायात गुंततो आणि गिळला गेला तर आतड्यात अडकतो.

कुरतडण्याइतकेच उंदराला खणणे प्रिय असते, आणि याकडे बहुतेक पाळणाऱ्यांचे दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. एका खोल पेटीत आठ-दहा सेंटिमीटर ओलसर कोकोपीट किंवा खत न घातलेली माती भरून तिच्यात गहू किंवा ओट पेरावेत, आठवडाभराने कोंब वर आले की पेटी उंदरांच्या स्वाधीन करावी. अर्ध्या तासात त्या शेताची काय अवस्था होते ते पाहण्यासारखे असते. आधी कोंब खुडले जातात, मग खालचे दाणे शोधण्यासाठी भुयारे पडतात, आणि शेवटी कुणीतरी सर्वांत खोल खड्ड्यात तोंड खुपसून शेपूट तेवढी वर ठेवते. उन्हाळ्यात मी उथळ ताटलीत दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी घालून त्यात मटार सोडते. उंदरांना पोहता येते, पण पाण्यात उतरण्याची सक्ती कधी करू नये. भुरीने पहिले चार दिवस फक्त काठावरून पंजा बुडवून पाहिला. पाचव्या दिवशी तिने मान पाण्यात घालून तळाचा मटार उचलला.

नव्या वस्तूची ही भीती उंदराच्या स्वभावातच आहे, आणि ज्याला उलटी करता येत नाही त्याला ती शोभतेही. नवे खेळणे मी आधी झोपायच्या जागेपासून दूर ठेवते आणि त्यात त्यांच्या वापरलेल्या अंथरुणाचा एक तुकडा घालते, म्हणजे ओळखीचा वास येतो. नवा पदार्थ आधी धीट तिळाला देते. ती खाऊन आली की बाकीच्या तिचे तोंड हुंगतात, आणि एकीच्या तोंडाला जो वास आहे तो पदार्थ खाण्याजोगा आहे असे मानून मग त्याही खातात. याच कारणासाठी सगळा पिंजरा एकाच दिवशी धुऊन सगळी खेळणी एकदम बदलणे मला पटत नाही. मी दर तीन-चार दिवसांनी निम्म्या वस्तू बदलते, एखादा बोगदा दुसऱ्या भिंतीला लावते, एखादी झोळी वीतभर वर सरकवते. उंदराची नजर कमकुवत असते आणि तो मिशांच्या स्पर्शाने, भिंतीला धरून चालतो. आपल्याला किरकोळ वाटणारा असा फेरबदल त्याला रात्रभर पुरतो. उंचावर काही टांगले तर त्याच्या खाली आणखी एक झोळी हवीच, म्हणजे पाय घसरला तरी पडणे थोडक्यात निभावते.

खेळण्यांत लपवायच्या खाण्याविषयी थोडेसेच लिहिते. घट्ट चिकट पदार्थ घशात अडकतात, म्हणून शेंगदाण्याचे लोणी नुसता गोळा करून न देता लाकडाला अगदी पातळ पुसावे. चॉकलेट, कच्च्या कडधान्यांचे दाणे आणि हिरवा पडलेला बटाटा नको. नर उंदरांना संत्र्याची साल देऊ नये, कारण तिच्यातले लिमोनिन नराच्या मूत्रपिंडाला इजा करते. माद्यांना तो धोका नसतो.

एवढे सगळे करूनही एखादा उंदीर पिंजऱ्याचे गज चावत राहिला, तर त्याला आणखी एक खेळणे देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. तो एकटा आहे का, आणि त्याला रोज पिंजऱ्याबाहेर फिरायला मिळते का. उंदीर कळपाने राहणारा प्राणी आहे. पुठ्ठ्याचे कोणतेही कोडे दुसऱ्या उंदराची जागा घेऊ शकत नाही, आणि माणूसही ती पूर्णपणे घेऊ शकत नाही.

भुरी आता सव्वादोन वर्षांची झाली आहे. तिचे मागचे पाय अशक्त झाले आहेत, शिड्या तिला चढवत नाहीत आणि टांगलेल्या गोळ्यापर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून पिंजऱ्याचा तळमजला मी तिच्यासाठी वेगळा लावते. नळ्यांऐवजी सपाट, सैल दुमडलेल्या पुड्या, झोळीऐवजी जमिनीवर फ्लीसची घडी, आणि अक्रोडाचा आधीच फोडलेला अर्धा भाग. पुडी तिच्या पुढ्यात ठेवण्याआधी मी तिचा एक कोपरा उलगडून देते. काल रात्री तिने तो कोपरा हुंगला, दातात धरला, आणि बराच वेळ घेऊन, मध्ये दोनदा थांबून, सगळी पुडी सोडवली. आतली सूर्यफुलाची बी तिने तिथेच राहू दिली आणि कागद तेवढा ओढत ओढत अंथरुणाकडे नेला.